मागच्या खोलीची नोटीस

आमच्या घरात भाडं मागायचं काम बायकोचं होतं. घर रोह्याच्या कडेला, धाटावच्या रस्त्याला लागून. कौलारू, पुढे ओटी, आणि मागची पडवी बंद करून काढलेल्या दोन खोल्या. खोल्या मी बांधल्या, पण भाडेकरू तिनं ठेवले, तिनंच काढले, आणि पैसेही तिनंच घेतले. मी शेतातला माणूस. चौथीनंतर शाळा बघितली नाही. कुणासमोर उभं राहून "पैसे दे" म्हणायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. तिला त्याची मजा वाटायची. म्हणायची, "बैलांवर वरडायला बरं येतं तुमाला."

तिची मागायची रीत निराळी होती. महिना लागला की ती वाल भिजत घालायची. आमच्याकडे भात कापलं की त्याच शेतात वाल होतात, त्यामुळे वालाला घरात तोटा नाही. भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, मग एकेक दाणा हातात घेऊन साल काढायची. त्याचं बिरडं होतं. खायला पाच मिनिटं, सोलायला अर्धा दिवस. तर ती परात घेऊन ओटीवर बसायची आणि मागे तोंड करून हाक मारायची, "गो, ये वाल सोलायला."

वाल सोलायला बसलेलं माणूस उठून जात नाही. हात ओले, बोटं चिकट, पुढ्यात सालींचा ढीग, आणि समोरची बाई सोलतेय तोवर आपण उठायचं कसं? आधी पाणी कधी येतं त्याचं बोलणं, मग कुणाचं लग्न मोडलं ते, मग कंपनीत ओव्हरटाइम मिळतो का. परात निम्मी झाली की बायको सालीकडे बघतच म्हणायची, "मंग, ह्या महिन्याचं कसं करतेस?" समोरचीही सालीकडे बघतच तारीख सांगायची. वाल संपेपर्यंत भाडं ठरलेलं असायचं, आणि जाताना तिच्या हातात वाटीभर सोललेले वाल. मी कोपऱ्यात विडी ओढत हसायचो. म्हणायचो, कोर्टात असती तर आरोपी स्वतःच फाशीची तारीख सांगून गेला असता. ती म्हणायची, "तुमी गप बसा आनि जमलं तर दोन दाने सोला." मी सोलले की दाण्याच्या दोन डाळी व्हायच्या. मग ती माझ्या हातातून काढून घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आजारी पडली, दवाखान्यात नेली, आणली ती तशी. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. लोक म्हणाले, सुटली बिचारी. मी एकाला विचारलं, कशातून? माझ्यातून? तो पुन्हा आला नाही भेटायला.

मागच्या खोल्यांत तेव्हा एक जोडपं राहत होतं, अजून आहे. नवरा धाटावला केमिकल कंपनीत कंत्राटावर. बोलत नाही फारसा, मोटारसायकल पुसत बसतो. बायको पेणकडच्या खाडीकाठची, बाप मिठागरात राबलेला. तिच्या तोंडाला त्या मिठाची चव आहे. मला आजोबा म्हणते, पण म्हणते ती अशी की आजोबा होणं हा माझाच काहीतरी गुन्हा असावा.

सुतक सरलं, तेरावं झालं, पाऊस लागला, आणि माझ्या एक दिवस ध्यानात आलं की भाडं येत नाही. त्याचं कारणही मला दिसत होतं. मोटारसायकल दिवसभर अंगणात उभी असायची. कंत्राटदार बदलला होता आणि नव्यानं जुनी माणसं घेतली नव्हती. बरं, मागायचं तर कसं मागायचं? रोज सकाळी ती ताटलीत दोन भाकऱ्या आणि काय केलं असेल ते आणून ओटीवर ठेवायची. म्हणायची, "जास्त झाल्या, म्हून आनल्या." सहा महिने रोज त्या बाईच्या भाकऱ्या जास्त होत होत्या. जिच्या हातची भाकरी खातो तिला भाडं कुठल्या तोंडानं मागू? तोंड एकच, आणि त्यात भाकरी.

माझा मुलगा डोलवीला पोलादाच्या कंपनीत आहे, राहतो पेणला. सुट्टी असली की येतो. एका रविवारी आला, ओटीवर बसला, आणि भाकरीकडे बोट करून म्हणाला, "ही मागची देते?"

"व्हय."

"आणि भाडं?"

"भाडं नाय देत."

"बाबा, ती भाकरी हिशेबात धरून गप्प बसलीय."

"मंग मी जास्त खाल्ली पायजे," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याच्या मनात वेगळंच होतं. मी एकटा राहतो हे त्याला खुपत होतं. भाडेकरू काढायचे, घराला कुलूप लावायचं आणि मला पेणला न्यायचं असा त्याचा बेत. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मी विचारलं, "लिफ्टमधी मी दिवसभर करू काय?" तर म्हणाला, "थट्टा सोडा. ओळखीचे वकील आहेत, नोटीस पाठवू." मी फार विचार केला नाही. मला वाटलं, बरंच झालं, माझ्या तोंडचं काम कागद करील. नोटीस म्हणजे सरकारी भाषेत भाडं मागणं, एवढंच मला कळलं होतं. तिला खालचा अर्धा भागही असतो हे माझ्या मुलाला माहीत होतं, मला नव्हतं.

पेणला गेलो. वकिलांची खोली एका गणपतीच्या कारखान्यावर आहे. खाली रंग न दिलेले पांढरे गणपती रांगेत बसलेले. मला वाटलं, हे सगळे निकालासाठीच थांबलेत. वकील तरुण, चांगला माणूस. चहा मागवला.

"काका, भाडं कधीपासून थकलंय?"

"बायको गेल्यापास्नं."

"म्हणजे महिने किती?"

"महिन्यांनी नाय मोजत मी ते."

मुलानं आकडा सांगितला. वकिलांनी लिहून घेतला. मग विचारलं, "तोंडी मागणी केली होती ना?" मी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "केलीच असणार की." तेही लिहून झालं. मग त्यांनी वाचून दाखवलं. माझे अशील यांनी आपणाकडे वारंवार तोंडी मागणी करूनही आपण भाडे अदा केलेले नाही, असं काहीतरी.

"हे अशील कोन?" मी विचारलं.

"तुम्हीच, काका."

"बरा मानूस दिसतो. वारंवार मागतोय. मला एकदाबी जमलं नाय."

वकील हसले आणि शिक्का मारला. भाडेकरूचा पत्ता विचारला. मी म्हटलं, माझाच, घर एकच आहे. तेव्हा त्यांनी त्याच्या नावाखाली 'मार्फत' करून माझं नाव घातलं. म्हणाले, पोस्टमनला सापडायला पाहिजे. पोस्टमनला काय सापडलं ते पुढे येईलच.

परत येताना रेल्वेत बसलो. कासूला गाडी थांबली. बायकोचं माहेर तिथलं. दरवेळी ती तिथं खिडकीला नाक लावायची, माहेरचं कुणी दिसतं का बघायला. इतक्या वर्षांत कुणी दिसलं नाही. मी चिडवायचो, ते तुला बघून लपतात म्हणून. त्या दिवशी मीच नाक लावून बसलो. कुणी नव्हतं. समोरचा माणूस विचारायला लागला, काका, उतरायचं होतं काय?

आठवडा गेला असेल. मी ओटीवर बसलो होतो. पोस्टमन आला. तो आमच्या आळीत वर्षानुवर्षं येतो, घरातली सगळी टपालं माझ्याच हातात देतो. मागच्या खोलीचं असलं तरी मलाच, कारण मागे कुत्रं असतं.

"काका, रजिस्टर आहे. सही करा."

"कुनाचं?"

"घरचंच."

मी सही केली. माझी सही म्हणजे चौथीच्या पाटीवरची अक्षरं, तिला वेळ लागतो, तेवढ्यात तो पुढच्या घरी निघाला होता. लखोटा हातात धरून बसलो. चष्म्याची काडी बायको गेल्यापासून मोडलेली आहे, तीच नीट करून आणायची. मला अक्षर दिसत नव्हतं, पण कशाचं असणार ते मी धरून चाललो होतो. तलाठ्याकडे अर्ज दिला होता. शेत थोडं तिच्या नावावर होतं, ते नाव कमी करून आमची नावं लावायची होती. त्याचंच पत्र येणार होतं. नाव कमी केलं. हे कुणीतरी मला मोठ्यानं वाचून दाखवणार आणि मी ऐकायचं. म्हटलं, होऊन जाऊ दे. लाइटचं बिल नेहमी मागची वाचून दाखवते, तिलाच हाक मारली.

"गो, जरा वाचून दाखव. हळू वाच."

ती आली, पदराला हात पुसले, लखोटा फाडला. पहिली ओळ मनात वाचली. माझ्याकडे बघितलं. मग अगदी शाळेतल्या बाईसारखी उभी राहून वाचायला लागली. महाशय, माझे अशील यांच्या सूचनेवरून आपणास कळविण्यात येते की.

अशील म्हटल्याबरोबर मला पेणचे वकील आठवले आणि मी हात पुढे केला.

"थांब. ते ठेव."

"का? हळू वाचते की. तुमीच बोल्लात." आणि वाचत राहिली. थकीत भाडे, सबब, कसूर केल्यास, खर्चासह. एकेक शब्द तिनं नीट उच्चारला. वारंवार तोंडी मागणीशी ती थांबली.

"आजोबा, वारंवार कवा मागितलंत? तुमी भिंतीपलीकडं खोकलात तरी मला कळतं. मागनं नाय ऐकू आलं."

"वकिलानं लिवलंय ते."

"तो ऱ्हातो काय इथं?"

मी विडी शोधायला लागलो.

"मी इथनं वीस पावलांवर. आनि तुमी गाडी धरून पेनला गेलात, मला भाडं मागाया." तिनं लखोटा उलटा केला. "सही तुमी केलीत नं? मंग नोटीस तुमाला पोचली. भरा भाडं."

मला हसू आलं आणि मी हसलो. चूक झाली. ती नव्हती हसत. तिनं खालचा भाग वाचला, तो मी पेणला नीट ऐकलाच नव्हता. तीन महिन्यांची मुदत. तोवर भाडं न भरल्यास खोली रिकामी करून ताबा द्यावा. वाचून झाल्यावर तिनं कागद घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवला, ताटली ठेवते तसा.

"मुदत कशाला हवी? महिना भरला की जातो आमी. दिराची खोली हाय गावाला. तुमचं थकलेलं ह्याला काम लागलं की आनून देऊ."

मी म्हटलं, अगं, तसं नाही. ती म्हणाली, "कागदावर तसंच हाय," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आल्या, पण तिच्या नवऱ्यानं आणल्या. ताटली ठेवली आणि मोटारसायकल पुसायला गेला. मागे पेटी ओढल्याचा आवाज आला, भांडी पोत्यात भरल्याचा आला. मग दुपारभर काहीच नाही. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी जगत होतो ते त्या भिंतीच्या जिवावर. कुकरची शिट्टी, तिचं नवऱ्यावर बोलणं, बादली आपटणं. बायको गेली त्या दिवसापासून माझ्या बाजूला आवाज नव्हता, त्यांच्या बाजूचा मी वापरत होतो. त्याचं भाडं कुणाला द्यायचं? ही माणसं गेली की मुलगा कुलूप घेऊन येणार, आणि मी लिफ्टमध्ये.

तेव्हा मी उठलो आणि वाल भिजत घातले.

आता, वाल किती घ्यायचे हे मला कधी माहीत असणार? बायको मुठीनं घ्यायची, तिची मूठ बारकी. मी मोठं पातेलं घेतलं आणि भरलं. सकाळी बघतो तर वाल पातेल्याच्या बाहेर येऊन मला बघताहेत. दुसरं पातेलं घेतलं, मग बादली. फडकं पुरेना, तेव्हा तिचं एक जुनं लुगडं होतं ते काढलं. नेसून मऊ झालेलं. थोडा वेळ हातात धरून बसलो, मग दोन तुकडे केले आणि त्यात वाल बांधले. तिनं बघितलं असतं तर मला लुगड्यासकट टांगलं असतं. मोड आले. सगळ्या घराला वालाचा वास सुटला, तो ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

परात ओटीवर मांडली, कोमट पाणी केलं, आणि बायकोची जागा सोडून तिच्या शेजारी बसलो. मग मागे तोंड करून हाक मारली. आवाज बैलावर ओरडल्यासारखाच निघाला.

"गो, ये वाल सोलायला."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग ती आली, दारात उभी राहिली. परात बघितली, बादली बघितली, लुगड्याची गाठोडी बघितली.

"आजोबा, पंगत हाय काय?"

"जास्त झाले," मी म्हटलं. "म्हून हाक मारली."

ती ओठ दाबून बसली. सोलायला लागली. तिचा दाणा अख्खा निघत होता, माझ्या डाळी होत होत्या. पाण्याचं बोलणं मी काढलं. पाणी आलं होतं, ते तिलाही दिसत होतं. लग्न मोडलेलं कुणाचं मला माहीत नव्हतं. परात निम्मी झाली. एवढ्या वर्षांत ते वाक्य मी किती वेळा ऐकलं, पण तोंडातून काढायला गेलो तर बायकोच्या आवाजातच यायला लागलं, म्हणून दोनदा थांबलो. शेवटी सालीकडे बघत म्हटलं,

"मंग, ह्या महिन्याचं कसं करतेस?"

तिचा हात थांबला. पुन्हा चालू झाला.

"आजी असंच मागायच्या," ती म्हणाली. साल बाजूला टाकून पुढं म्हणाली, "त्या गेल्यावर मी वाट बघितली. वालाची हाक येल म्हून. ह्याचं काम गेलं तवा सांगायचं व्हतं मला. पन आपनहून कसं सांगायचं? तुमी तर ओटीवर खांबाला टेकून खांबच झालावता."

"आता सांग."

"आता जातोच हाय आमी."

"जानाऱ्याकडं कोन ह्या महिन्याचं मागतो?" मी म्हटलं. "तू जानार असतीस तर मागलं थकलेलं दे म्हनलो असतो. मी ह्या महिन्याचं मागतोय. तू गेलीस की पोरगा कुलूप लावतो, आनि मला पेनला नेतो. तिथं वाल दुकानात सोललेले मिळतात म्हने."

ती पहिल्यांदा हसली. "सोललेले? मंग मानसं बोलतात कवा?"

मग तिनं सालीकडे बघत सांगितलं. नवऱ्याला दुसऱ्या कंत्राटदाराकडं बोलावणं आलंय, गेटपास पुढच्या आठवड्यात. पहिला पगार झाला की त्या महिन्याचं भाडं, आणि मागलं थोडं थोडं करून. मी बरं म्हटलं. एवढंच ते. ह्याच्यासाठी मी गणपतींच्या डोक्यावर जाऊन बसलो होतो.

गाठोड्यांतले धरून वाल निम्मेसुद्धा झाले नव्हते तोवर अंगणात मुलाची गाडी उभी राहिली. तो आला तोच फोन पुढे धरून.

"बाबा, वकिलांचा फोन आला. पोचपावती परत आलीय. तिच्यावर तुमची सही कशी?"

"मला पोचली म्हून."

"नोटीस त्यांना होती."

"आनली मला. वाचून हिनं दाखवली. झ्याक वाचते."

मुलानं तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून सोलत होती, हसू दाबताना खांदे हलत होते. त्यानं बादली बघितली, गाठोडी बघितली, आईचं लुगडं ओळखलं आणि फोन खिशात टाकला. मग खालच्या पायरीवर बसला.

"मग आता काय ठरलं?" जरा मऊ आवाजात म्हणाला.

"ह्यांचं भाडं ठरलं. माझं पेनचं बघतो," मी म्हटलं. "नोटीस मला आलीय, तीन महिन्यांची मुदत हाय. घाई कशाला?"

त्यानं बाह्या वर केल्या. हात धुतले आणि परातीतला एक दाणा उचलला. आई वाल सोलायला बसली की लहानपणी हा पळून जायचा. त्यानं साल काढली आणि दाण्याच्या दोन डाळी झाल्या. दुसरा घेतला, त्याच्याही झाल्या.

ती त्या डाळींकडे बघून म्हणाली, "आजोबा, ह्यांची पोचपावती नको. डाळींवर तुमचीच सही दिसतेय." आणि दोघांच्या हातांतले वाल काढून घेऊन आपल्या पुढ्यात ओढले.